काळ्या चौकोनाखालची विहीर

काका, परवा मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. एक गृहस्थ माइक धरून म्हणाले, "श्रीधररावांना जुने नकाशे जमवायचा फार छंद होता." मी उठून बाहेर गेले. पार्किंगमध्ये उभी राहिले. परत आत आले तर दुसरे कोणी सांगत होते, तुम्ही किती हसतमुख होतात. तुम्ही! रविवारी सकाळी गाडीत बसल्यापासून पहिल्या शेतापर्यंत एक शब्द न बोलणारा माणूस हसतमुख! माणूस गेला की त्याला गुळगुळीत करून टाकायची एवढी घाई का असते लोकांना?

रडू मला आलेलं नाही. तुम्ही गेल्याचा शैलाकाकूंचा फोन आला, मी "हो" म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेलं पत्रक पुरं केलं. प्रिंटला टाकलं. मग आठवलं, त्या घरी एकट्या आहेत का हे विचारायचं राहिलं. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल असतो ना, तसं सगळं झालंय. चावलं तरी कळत नाही. म्हणून लिहायला बसले, कुठे काही कळतंय का बघायला.

छंद म्हणे. त्यांना तुमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेला कागद दिसला असेल आणि काकूंची कुरकुर ऐकू आली असेल, "अहो, हे आयोवा उचला आणि मला पानं मांडू द्या." ते आयोवा तुम्ही पसरून का बसायचात, हे कुणी विचारलं नाही.

मी तरी कुठे विचारलं होतं. आपली ओळख झाली ती भांडणातून. मंडळाचा गणपती होता. आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या वेळात मी पत्रकं वाटत होते: डुकरांची शेडं, नळाचं पाणी, नायट्रेट, आणि खाली ठळक टाइपात "गप्प बसाल तर हेच प्याल!" नाशकात कॉलेजात असताना संघटनेत पत्रक लिहायला शिकले होते. वर संताप, मध्ये एक आकडा, खाली मागणी. इथे अमेरिकेत मास्टर्सला आले, पाण्यावर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत नोकरी धरली, तरी हात तोच राहिला. लोकांनी पत्रकं घेतली, घडी घातली आणि मोदकाच्या डिशखाली धरली, कारण तूप गळत होतं. एका मावशींनी सल्लाही दिला, "व्हिसावर आहेस ना गं? मग कशाला या भानगडी?" तुम्ही एकटेच कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते अख्खं वाचत होतात. खिशातली पेन्सिल काढून.

"ही घाण शेतात टाकतात," तुम्ही म्हणालात. "नळात कशी येते?"

"झिरपून."

"कशातून?"

"जमिनीतून, काका. अजून कशातून?"

"या भागात खाली चिकणमातीचा जाड थर आहे. त्यातून झिरपून खाली पोचेपर्यंत तुझ्या नातवंडांची लग्नं होतील."

"म्हणजे पाणी स्वच्छ आहे असं म्हणणं आहे तुमचं?"

"पाणी घाणच आहे. तुला रस्ता माहीत नाही, एवढंच म्हणतोय. रविवारी मोकळी आहेस का, पुढारी?"

पुढारी! मी इतकी चिडले की हो म्हणाले.

त्या रविवारी तुम्ही एका कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी थांबवलीत आणि बॉनेटवर नकाशा पसरलात. सरकारी सर्वेक्षणाचा, माझ्या आईच्या जन्माच्याही आधीचा. बोटाच्या ठशासारख्या तपकिरी उंचवट्यांच्या रेषा, निळे ओढे, आणि दर मैलाला सरळ रस्ता, म्हणजे अख्खा मुलूख वहीच्या चौकटींसारखा आखलेला. चौकटींच्या कडेकडेने बारीक काळे चौकोन. तुम्ही शिकवलंत: भरीव चौकोन म्हणजे माणसं राहतात ते घर. पोकळ चौकोन म्हणजे गोठा, कोठार. वर बारीक निशाण असेल तर शाळा. क्रॉस असेल तर चर्च. आपण उभे होतो त्या एका चौकटीभोवती चार-पाच घरं होती, प्रत्येकाला आपापले गोठे, आणि चौरस्त्यावर निशाणवाली शाळा.

मग तुम्ही म्हणालात, "आता वर बघ."

वर मका होता. सगळीकडे मका. रस्त्याच्या कडेपासून आभाळापर्यंत. एक विजेचा खांब.

"घरं कुठे गेली?" मी विचारलं.

"मक्यात."

"कंपन्यांनी गिळली," मी म्हणाले.

"काही गिळली. पण निम्मी तुझ्या कंपन्या यायच्या आधीच गेली होती. ट्रॅक्टर मोठा झाला, मग शेत मोठं लागलं, मग शेजारी जास्तीचा झाला. पोरं शहरात गेली. रिकामं घर नांगराच्या वाटेत येतं. ते पाडायचं, जाळायचं, राख पुरायची. दुसऱ्या वर्षी वर मका." आणि तुम्ही एका काळ्या चौकोनावर पेन्सिलीचं टोक ठेवलंत. "घर पाडता येतं गं. विहीर कुठे नेणार?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ज्या ज्या ठिकाणी काळा चौकोन, तिथे तिथे विहीर होती. माणसं राहायची म्हणजे पाणी प्यायचीच. हाताने खणलेली, विटांनी बांधलेली. घर गेल्यावर कुणी तिच्यावर फळ्या टाकल्या, कुणी माती लोटली, आणि विसरले. तुमची ती जाड चिकणमाती अडवते सगळं. ही भोकं सोडून. वरून टँकर जातो, डुकरांची घाण जमिनीत सोडत जातो, आणि खाली बुजलेल्या विहिरीतून ती सरळ भूजलात उतरते. तो तुमचा रस्ता. बॉनेट तापलं होतं, माझा हात त्यावर टेकलेला होता, आणि उचलायचं मला सुचलं नाही.

पुढच्या आवृत्त्यांमधला तो जांभळा रंग आठवतोय? त्यावरचा तुमचा राग मला आधी विनोदी वाटायचा. नंतरच्या काळात जमिनीवर फिरून नकाशा नवा करणं परवडेना, तेव्हा विमानातून फोटो काढून जे बदल दिसले ते जुन्याच नकाशावर जांभळ्या शाईने छापले. नवा रस्ता जांभळा, नवं तळं जांभळं, नवी लांबट शेडं जांभळी. आणि कडेला बारीक अक्षरात कबुली, की हे प्रत्यक्ष जाऊन तपासलेलं नाही. "वरून बघितलं, रंगवलं, घरी गेले," तुम्ही म्हणायचात. माझं प्रत्येक नवं पत्रक वाचून तुमचा एकच शेरा: "जांभळं लिहिलंयस."

मी भडकायचे. मला वाटायचं, घरात बसून पेन्सिली तासणाऱ्या माणसाने रस्त्यावर उतरणाऱ्या मुलीला असं म्हणू नये. पण घरात तुम्ही बसलात कुठे? निवृत्तीनंतरचे सगळे रविवार तुम्ही काळे चौकोन शोधत फिरलात. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं. मक्याच्या मधोमध उगाच उभी असलेली लायलॅकच्या फुलझुडपाची जाळी दाखवून तुम्ही म्हणायचात, "ही मक्याने लावलेली नाही. इथे कुणाचं तरी पुढचं दार होतं." आता मे महिन्यात कुठे शेतात जांभळ्या फुलांचा एकटा पुंजका दिसला की मी आपोआप गाडी हळू करते. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

आणि दारं ठोठावणं. डोक्यावर टोपी, हातात गुंडाळी, सावळा म्हातारा. कुत्रा भुंकायचा, पडदा हलायचा, दार बोटभर उघडायचं. तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मी काही विकायला आलो नाही." दुसरं: "तुमच्या आजोबांचं घर माझ्याकडे आहे." मग गुंडाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडायची आणि पुढचा तासभर आपण त्या घरातले होऊन जायचो. पातळ कॉफी, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या, रंगीत जेली. त्या जेलीत जनावरांच्या हाडांचं जिलेटिन असतं हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तरी खायचात, आणि गाडीत बसल्यावर मला म्हणायचात, "शैलाला सांगू नकोस."

विहिरीबद्दल तुम्ही पुरुषांना विचारायचा नाहीत. पुरुष हात हलवून म्हणायचे, तिकडे होती कुठेतरी. तुम्ही बाईला विचारायचात, आणि तेही विहीर कुठे होती असं नाही. "स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला होतं?" असं. मग ती डोळे मिटायची, दारातून बाहेर पडायची, बादली घेऊन चालायची, बर्फात घसरायची, आणि नकाशावर बोट टेकवायची. बोट कधी चुकलं नाही. एकदा परत येताना तुम्ही म्हणालात, "विहीर स्वयंपाकघराजवळ आहे की गोठ्याजवळ, यावरून त्या घरात कुणाचं चालायचं ते कळतं." मी म्हटलं, मग बहुतेक सगळ्या गोठ्याजवळच का? तुम्ही म्हणालात, "आता आलं तुला नकाशा वाचता."

याबद्दल मी तुम्हाला कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आता देऊन काय उपयोग, पण देते.

पुढचं मराठीत आहे म्हणून लिहितेय. मंडळ दूर शहरात; त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे वाचू शकणारे तिघे होतो, आता दोघी उरलोय, आणि काकूंना सगळं ठाऊक आहे. माणसांची नावं बदलली आहेत. शेत कुठलं ते सांगणार नाही.

मार्लिसचं घर. गोरी, ऐंशीच्या घरातली मार्लिस, तुम्हाला "श्री" म्हणणारी. तुम्ही नकाशा उलगडलात तशी तिने चष्मा न लावताच चौकोन वाचायला सुरुवात केली. हे अमक्याचं, त्याची बायको ऑर्गन वाजवायची. हे तमक्याचं, तीन भाऊ आणि तिघांत एक चांगला सूट. ही शाळा, इथे मी चौथीपर्यंत. आणि हे आमचं. आईचं घर.

"स्वयंपाकघराचं दार?" तुम्ही विचारलंत.

"उत्तरेला. मूर्खपणा नुसता. सगळा वारा आत. आणि विहीर इथे." बोट टेकलं. "बुजवली भावाने. आईची लोखंडी चूल टाकली आधी."

"आणखी काय टाकलं?"

"काय नाही टाकलं ते विचार, श्री. तारा, डबे, मेलेलं वासरू. वर फळ्या, वर माती." ती हसली. मग हसायची थांबली. तुम्ही पेन्सिल उचलली होतीत. तिने ती तुमच्या बोटांतून काढून घेतली आणि टेबलावर आडवी ठेवली. "हे नको लिहूस. ते शेत आता ट्रॅव्हिसकडे आहे."

ट्रॅव्हिस म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. डुकरांची दोन शेडं त्याची आधीपासून आहेत, आणखी दोन बांधायला काउंटीकडे परवानगी मागितलेली. घाण कुठल्या शेतांत सोडणार त्याची यादी अर्जासोबत द्यावी लागते, जुनी विहीर असलेलं शेत त्यात चालत नाही, आणि आजीचं ते शेत यंदा त्या यादीत होतं. मला हे सगळं पाठ होतं, कारण त्याच अर्जाविरुद्ध मी पत्रकं छापत होते.

"विहीर लिहिलीस तर शेत यादीतून जाईल," मार्लिस म्हणाली. "शेत गेलं तर शेडं जातील, शेडं गेली तर तो जाईल. सगळ्या घरातून शेतीत उरलेला तो एकटा आहे, श्री. हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तोच काढतो. तो गेला की माझाही चौकोन गेला समज."

"नाही लिहिणार," तुम्ही म्हणालात.

बघू म्हणाला नाहीत. विचार करतो म्हणाला नाहीत. ताडकन शब्द देऊन मोकळे.

गाडी मी चालवत होते.

"काका, तिच्या नळाला तेच पाणी येतं!"

"तिला माहितीये."

"मग?"

"मग ठरवू दे तिला."

"आणि तोवर ट्रॅव्हिसच्या पोरांनी काय प्यायचं? कोक?"

"पुढे स्टॉप साइन आहे."

"मला दिसतेय स्टॉप साइन!"

"दिसतेय तर थांब. या लोकांनी मला टेबलाशी बसवून सांगितलंय. एक गोष्ट फुटली ना, की पुन्हा एकही दार उघडणार नाही. आणि नीट बंद करायच्या राहिलेल्या सगळ्या विहिरी तशाच राहतील, उघड्या."

"हे बरं आहे. आजाराचं नाव घेतलं तर पेशंट रुसेल, म्हणून गप्प बसा."

तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. मग मी ते बोलले. आयुष्यभर असंच केलंत तुम्ही, म्हणाले. भूजलतज्ज्ञ म्हणून कंपन्यांसाठी बोअर घेतलेत, पाण्याचे रिपोर्ट लिहिलेत, आणि जे कुणी विचारलं नाही ते रिपोर्टात लिहिलं नाहीत. आता रविवारी फिरून भरपाई करताय.

तुम्ही चष्मा काढलात, शर्टाच्या टोकाने पुसलात आणि म्हणालात, "खरंय."

एवढंच. मी पुढच्या भांडणाची तयारी करून बसले होते आणि तुम्ही मैदानच सोडून गेलात. ते वाक्य मी मागे घेत नाही, काका. ते खरंच होतं, तुम्हीच म्हणालात. फक्त "खरंय" नंतर तुम्ही काय बोलला असतात ते मला हवं होतं. घरापाशी उतरताना दार धरून तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी बोलू." आणि त्याआधीच पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलेला माणूस परत आला नाही. काकूंना तुम्ही गवतावर सापडलात. हातात दुकानांच्या जाहिराती होत्या.

अंत्यसंस्कार आटोपल्यावर काकूंनी मला नकाशांची गुंडाळी दिली. "घेऊन जा बाई. मला माझं टेबल हवंय." टेबल रिकामं झालं, आणि आम्ही दोघी उभ्यानेच चहा प्यायलो.

घरी येऊन मी ती उलगडली. ज्या विहिरी सापडल्या त्या काळ्या चौकोनांभोवती तुमची पेन्सिलीची गोल वर्तुळं. कितीतरी. मार्लिसच्या आईच्या घरावर काही नाही. पेन्सिल टेकवून उचलल्याची खूणसुद्धा नाही. मी दिव्याखाली धरून बघितलं.

काउंटीची सुनावणी तुमच्या तेराव्याच्या आधीच होती. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी मार्लिसकडे गेले. तुम्ही गेल्याचं सांगायला, असं मी स्वतःला सांगितलं. तिने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघितलं.

"श्री बसलाय का आत? ये म्हणावं, उकडतंय."

मी सांगितलं. ती खुर्चीत बसली. गॅसवर काहीतरी उकळत होतं, ते उकळतच राहिलं. मीच जाऊन बंद केलं. मग ती म्हणाली, "कोपऱ्यावरचं ते घर. तीन भावांचं. त्यातल्या धाकट्या भावाचं नाव मी त्याला चुकीचं सांगितलं. त्या रात्री आठवलं मला. सांगायचं राहिलं."

"मी लिहून घेते," मी म्हणाले.

"नको. श्रीला सांगायचं होतं." मग माझ्याकडे बघून, "उद्या बोलणारेस तू?"

"हो."

"शब्द त्याने दिला होता. तू नव्हता दिलास. मी बघत होते तुझ्याकडे."

मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. बोल म्हणेल, किंवा बोलू नकोस म्हणेल. तिने रूबार्बच्या वड्या फॉइलमध्ये गुंडाळल्या, दोन वेगवेगळ्या पुड्या केल्या. "ही त्याच्या बायकोला," म्हणाली, आणि मला दारापर्यंत सोडायला आली.

काका, याचा काय अर्थ घ्यायचा? तुम्ही असतात तर विचारलं असतं. तुम्ही "स्टॉप साइन आहे" म्हणाला असतात, पण विचारलं तरी असतं.

सुनावणीला खोली भरलेली. मार्लिस तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स. ट्रॅव्हिस पुढे, गुडघ्यावर टोपी. माझ्याएवढाच असेल. मी त्याला आत्तापर्यंत फक्त अर्जावरचं नाव म्हणून ओळखत होते; मान भाजलेली, नखांत काळं, बायकोच्या मांडीवरचं पोर त्याचा कान ओढत होतं. माझी पाळी आली. मी नकाशा उघडला. म्हणाले, यादीतल्या या शेतात हा काळा चौकोन आहे. इथे घर होतं. घर होतं म्हणजे विहीर होती.

अध्यक्ष सभ्य माणूस. सभ्यपणेच विचारलं, "नकाशावर विहीर दाखवली आहे का?"

"नाही. घरच्या विहिरी दाखवत नाहीत."

"मग जागा तुम्हाला माहीत आहे?"

होती ना माहीत. उत्तरेचं दार, लोखंडी चूल, वासरू, सगळं माहीत होतं. बोट टेकवायचं होतं फक्त. मार्लिस माझ्याकडे बघत नव्हती, पर्सच्या कडीकडे बघत होती.

"जागा माहीत असलेला माणूस गेल्या आठवड्यात वारला," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. अध्यक्षांनी मनापासून सहानुभूती व्यक्त केली आणि पुढचं नाव पुकारलं. परवानगी मिळाली. सगळे हात वर. शेत यादीत राहिलं.

आता कुणी म्हणेल, केवढा संयम, काकांचा शब्द पाळला पोरीने. संयम वगैरे काही नाही. जीभ हललीच नाही, बस. एक वाक्य बोलले असते तर जिंकलो असतो. वर्षभराची पत्रकं, सह्या, मोर्चे जे करू शकले नाहीत ते त्या एका वाक्याने झालं असतं, आणि ते मी गिळून खाली बसले. अजूनही मला वाटतं की तुम्ही चुकलात. पाणी कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. पोरांच्या पोटात काय जातंय हे एका आत्याच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही. मोठ्या आवाजात म्हणते, तुम्ही चुकलात.

बाहेर गाडीपाशी पोचले तर मागून हाक आली. ट्रॅव्हिस.

"तो चौकोन," तो म्हणाला. "आजीच्या घराचा. खरंच आहे का विहीर?"

"आत्याला विचार."

"तिला माहितीये?"

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागले.

"मला तर कुणी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "माझ्या घरचं पाणी मी तपासून घेतो दरवर्षी. गेल्या खेपेला वाईट आलं. बायकोला अजून बोललो नाही." टोपी हातात फिरवत राहिला. "तो म्हातारा माझ्याकडेही आला होता एकदा. कागदाची गुंडाळी घेऊन. मी दारातूनच घालवला. वाटलं, काहीतरी विकायला आलाय."

"पहिलं वाक्यच ते असायचं त्यांचं. विकायला आलो नाही, असं."

"तेवढं बोलू दिलं नाही मी."

"आत्याला विचार, ट्रॅव्हिस. फोनवर नको. समोर बसून विचार."

त्याने मान हलवली. हो म्हणून, की उगाच, कळलं नाही.

त्याने विचारलं का, हे मला आजपर्यंत माहीत नाही. मार्लिसला मी फोन केलेला नाही. काकूंना वड्या दिल्या. त्या म्हणाल्या, "यांना फार आवडायच्या," आणि तशाच फ्रिजमध्ये ठेवल्या.

मका अजून उभा आहे, काका. पानं वाळायला लागलीत. कापणी झाली की टँकर निघतील, आधी जवळच्या शेतांत, मग त्या शेतात. तोवर मी थांबते. तुमच्या शब्दाला माझ्याकडून एवढी मुदत, एका दिवसानेही जास्त नाही. पहिला टँकर तिकडे वळलेला दिसला तर मी आधी मार्लिसच्या दारात जाईन, तिला तोंडावर सांगेन, आणि तिथून सरळ काउंटीच्या ऑफिसात जाऊन त्या चौकोनाशेजारी बोट टेकवीन. तुमची दारं बंद झाली तर होऊ देत, पुन्हा ठोठावीन. हे तुम्हाला आवडणार नाही. चोरून केलं असं नको, म्हणून आधी सांगून ठेवतेय. चूक वाटत असेल ना, तर या, आणि अडवा मला.